भरल्या घराचा मे महिना: कोकण किनाऱ्यावरच्या एका दिवसाची आखणी

मे महिन्यात किनाऱ्यावरच्या घरात माणसे वाढतात आणि त्याच दिवसांत विहिरीचे पाणी खाली जाते. वर्षभर चार-पाच माणसांना पुरणारी विहीर, दोन सिलिंडर आणि एक न्हाणीघर एवढ्या भांडवलावर पंधरा-सोळा माणसांचा संसार जवळजवळ दीड महिना चालवायचा असतो, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक मुले असतात. मुंबई-पुण्याहून दीर, नणंदा, भाऊ यांची मुले आधी येतात, त्यांचे आईवडील रजा मिळेल तसे मागून येऊन आठवडाभर राहून जातात, आणि ज्या घरी हे सगळे उतरतात तिथल्या आईला मात्र सुट्टी अशी नसते. अशा घरातल्या आईवडिलांसाठी हा लेख आहे. माझे मुख्य सांगणे इतकेच की पाणी, चूल, ऊन आणि भरती या चार गोष्टींच्या वेळा आपल्या हातात नसतात, म्हणून दिवस त्यांच्याभोवती आखावा. मुलांच्या लहरीप्रमाणे दिवस आखायला गेल्यास दुपारपर्यंत घर हाताबाहेर जाते, आणि या चार वेळा पक्क्या केल्यास मुले त्यांत आपोआप बसतात.

मुले येण्याआधी

तयारी मार्चपासून सुरू होते, कारण रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडते आणि मे महिन्यातल्या कोकणकन्या, मांडवी, तुतारी या गाड्या पाहता पाहता भरतात. येण्याचे तिकीट काढताना जूनच्या परतीचेही तिकीट कधी काढायचे ती तारीख दिनदर्शिकेवर मांडून ठेवावी. परतीची गर्दी येण्याच्या गर्दीपेक्षा वाईट असते, कारण शाळा सगळ्यांच्या एकदमच उघडतात. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, पण पाच ते अकरा वयाच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते, आणि रात्रीच्या प्रवासात बर्थ हवाच असतो, हे ज्यांची मुले येणार आहेत त्यांना आधीच कळवावे.

मुले पाठवणाऱ्या प्रत्येक घराकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: मुलाला कोणते खाणे वा औषध चालत नाही, त्याला पोहता येते का, आणि समुद्रात कुठवर उतरण्याची त्याला परवानगी आहे. शेवटचा प्रश्न विचारताना थोडे अवघडल्यासारखे होते, तरीही विचारावा. नणंदेच्या मुलाला आपण गुडघाभर पाण्यात सोडले आणि तिला ते पसंत नव्हते, हे संध्याकाळी फोनवर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

सामानापैकी तांदूळ, डाळी, पोहे, रवा, गूळ आणि तेल एकदम भरावे. मोठ्या माणसाला एका जेवणाला साधारण शंभर ग्रॅम आणि लहान मुलाला साठ-सत्तर ग्रॅम तांदूळ धरला तर सोळा माणसांच्या घरात दोन्ही वेळचे मिळून रोज अडीच-पावणेतीन किलो लागतात. मऊ भात आणि घावण्यांचे तांदूळ त्याच्या वर. दुसरा सिलिंडर भरलेला आहे याची खात्री करावी, आणि मागच्या दारची चूल सारवून वापरात आणावी. सोडणे (नारळाची सुकी साले), करवंट्या आणि वाळलेल्या झावळ्या घरचीच असतात, त्यामुळे मोठ्या पातेल्यातला भात, आठळ्या (फणसाच्या बिया) उकडणे, पिण्याचे पाणी उकळणे ही कामे चुलीवर टाकली की गॅस लवकर संपत नाही.

खर्चाचेही आधीच बोलून घ्यावे. ओट्यावर एक डबा ठेवून येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने त्यात ठरलेली रक्कम टाकायची आणि किराणा, मासे, दूध त्यातूनच घ्यायचे, ही पद्धत सगळ्यात सुटसुटीत आहे. जावाजावांत पैशाचा विषय काढणे जड जाते हे खरे, पण तो सासूबाईंनी किंवा घरातल्या मोठ्या काकांनी काढला की कोणाला लागत नाही.

पहाट ही पाण्याची वेळ

कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरीही मे महिन्यात पाण्यासाठी ओढाताण होते, कारण जांभ्या दगडातून पाणी लवकर झिरपून उताराने समुद्राकडे निघून जाते. किनाऱ्याजवळच्या विहिरींचा आणखी एक स्वभाव असतो. त्यांतून एका दमात फार उपसा केला तर गोड्या पाण्याची पातळी खाली जाते आणि खालचे खारे पाणी वर सरकते. पाणी मचूळ लागू लागते आणि एकदा मचूळ झालेली विहीर बहुधा पावसापर्यंत सुधारत नाही. म्हणून पंप सलग चालवू नये. रात्रभरात झऱ्यांनी विहिरीत जे पाणी जमते ते पहाटे पाच-साडेपाचला उपसावे, पंधरा-वीस मिनिटांनी पंप बंद करावा, आणि उरलेला उपसा दुपारी चारच्या सुमारास तेवढाच करावा.

पाणी किती आहे हे अंदाजावर सोडू नये. एका दोरीला हातहात अंतरावर गाठी मारून खाली दगड बांधावा, आणि घरातल्या एका मोठ्या मुलाकडे ती दोरी सोपवून रोज पहाटे किती गाठी ओल्या होतात ते पाटीवर लिहायला सांगावे. बारा-तेरा वर्षांचे मूल हे काम मन लावून करते, आणि गाठ कमी झाली की न्हाणीघरात जास्त पाणी ओतणाऱ्या भावंडांना तेच दटावते. आईला त्यात पडावे लागत नाही. विहिरीला कठडा नसेल किंवा तो मोठ्या माणसाच्या कमरेपेक्षा बुटका असेल, तर मुले येण्याआधी त्याची डागडुजी करावी आणि तोंडावर जाळी टाकावी. याला पर्याय नाही.

वापराचा हिशेब माणशी असावा. आंघोळीला एक बादली, मोठ्या मुलींना केस धुण्याच्या दिवशी दोन. लहान मुलांच्या आंघोळी न्हाणीघरात न घालता माडाच्या आळ्यात घालाव्यात. मुलांना तो खेळ वाटतो, न्हाणीघरापुढची रांग कमी होते आणि उन्हाळ्यात ज्या माडाला पाणी घालावेच लागते त्याला ते आयते मिळते. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी अळवाला किंवा केळीला जावे. पिण्याचे पाणी उकळून, गाळून, निवल्यावर माठांत भरावे आणि माठातून पाणी काढायला दांड्याचा ओगराळाच ठेवावा, कारण सोळा हात माठात बुडू लागले की आठवडाभरात कोणाचे ना कोणाचे पोट बिघडते.

न्याहारी आणि कामांच्या पाळ्या

पाहुण्या मुलांना घावणे हवे असतात आणि ते करायलाही हौस वाटते, पण घावणा हा एकेक करून काढायचा पदार्थ आहे. सोळा माणसांना माणशी तीन धरले तरी अठ्ठेचाळीस होतात आणि शेवटचा खाणारा दहा वाजता उठतो. दोन बिडाचे तवे आणि हाताशी दुसरी बाई असेल त्या दिवशी घावणे करावेत. एरवी मऊ भात, मेतकूट, तूप आणि भाजलेला पापड, किंवा पोहे, किंवा उपमा. मऊ भाताचे पातेले एकदा चुलीवर चढवले की ते आपले आपण शिजते आणि उशिरा उठणाऱ्यालाही गरम मिळते. न्याहारीची वेळ सात ते आठ अशी बांधून घ्यावी. आठनंतर जो येईल त्याने आपले आपण वाढून घ्यावे, मग तो पाहुणा असो वा घरचा.

न्याहारी होताच पाळ्या लावाव्यात. पडवीत एक पाटी टांगावी आणि तिच्यावर आदल्या रात्रीच दुसऱ्या दिवसाची कामे आणि नावे लिहावीत. प्रत्येक काम दोघांच्या जोडीला द्यावे, आणि जोडीत एक मोठे आणि एक लहान मूल असावे; शक्यतो सख्खी भावंडे एका जोडीत नसावीत, कारण सख्ख्यांची भांडणे जुनी असतात. कामे खरी असावीत. मुलांना गुंतवण्यासाठी उभे केलेले खोटे काम त्यांना लगेच कळते आणि ती ते टाळतात. अंगण खराट्याने झाडणे, माठ भरणे, पडलेले नारळ आणि रातांबे (कोकमाची फळे) गोळा करणे, अंथरुणे उन्हात टाकणे आणि उचलणे, आढीतले आंबे पाहणे, एवढी कामे रोज असतातच. आपले ताट-वाटी प्रत्येकाने घासायची. मोठी पातेली बाया घासतील. कामाचे पैसे देऊ नयेत. एकदा पैसे दिले की दुसऱ्या दिवशी भाव होतो.

आढीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण मुलांच्या हाती देण्याजोगे ते सर्वांत चांगले काम आहे. माळ्यावर किंवा अंधाऱ्या खोलीत भाताचा पेंढा अंथरून त्यावर हापूस एका थरात, देठाकडची बाजू खाली करून लावतात आणि वर पुन्हा पेंढा घालतात. रोज सकाळी एका जोडीने आढी उघडावी, प्रत्येक आंबा हातात घेऊन वास आणि मऊपणा पाहावा, तयार झालेले टोपलीत काढावेत आणि काळा डाग पडलेला वेगळा करावा, कारण एक कुजका आंबा शेजारचे चार बिघडवतो. नव्याने उतरवलेल्या आंब्याच्या देठाचा चीक अंगावर उडाला तर कातडी भाजल्यासारखी होते आणि ओठाला लागला तर फोड येतात. म्हणून आढी लावण्याचे काम मोठ्यांनी करावे, पाहण्याचे मुलांनी. खायचे आंबे तास-दीड तास पाण्यात बुडवून ठेवावेत आणि तेच पाणी पुढे झाडाला घालावे. हापूस मोजून वाढावा, पण रायवळ आंब्यांची टोपली मुलांसाठी मोकळी असावी. चोखून खायला तेच बरे लागतात.

ज्या दिवशी ज्या बाईकडे स्वयंपाक, त्या दिवशी मुलांच्या बाबतीत तिचाच शब्द अखेरचा, हे सर्व मोठ्यांनी आपसांत ठरवून घ्यावे. एरवी आईने नाही म्हटलेली गोष्ट मूल आत्याकडून मिळवते, आत्याने नाही म्हटलेली आजीकडून, आणि आजी तर नाही म्हणतच नाही.

स्वयंपाक आणि दुपारचे ऊन

दुपारचे जेवण साधे असावे: भात, आमटी किंवा कुळथाचे पिठले, एक भाजी, कोशिंबीर, आंबा. सोळा माणसांच्या पोळ्या रोज दोन्ही वेळा लाटणे हा अट्टहास आहे. पोळ्या एकाच वेळी कराव्यात आणि दुसऱ्या वेळी भाताबरोबर तांदळाच्या चार-सहा भाकऱ्या ज्यांना हव्यात त्यांच्यापुरत्या. कोवळ्या फणसाची, म्हणजे कुयरीची, भाजी एका फणसात सगळ्यांना पुरते. मासे खाणाऱ्या घरांनी बांगडे, मांदेली, बोंबील अशा स्वस्त माशांवर भर द्यावा आणि पापलेट-सुरमई आठवड्यातून एखाद्या वेळी आणावी. १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते, त्यामुळे मेच्या अखेरच्या आठवड्यात भाव चढतात हे लक्षात ठेवून ताजे मासे आधी खाऊन घ्यावेत. लहानांच्या ताटातले काटे काढण्याचे काम कोणा एका मोठ्या माणसाने जेवण्याआधी उरकावे.

अकरापासून चारपर्यंत मुले घराबाहेर नकोत. किनाऱ्यावर पारा नागपूर-चंद्रपूरसारखा चढत नाही, पण हवेतल्या दमटपणामुळे घाम सुकत नाही आणि अंग थंड होत नाही, म्हणून मूल दमलेले दिसण्याआधीच त्याच्या अंगातले पाणी कमी झालेले असते. दर तासाला काहीतरी प्यायला द्यावे: पन्हे, कोकम सरबत, ताक, सोलकढी, नाहीतर साधे पाणी. जुलाब-उलट्या झाल्यास दुकानातले ओआरएसचे पाकीट वापरावे. ते नसेल तर एक लिटर उकळून निवलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ एवढेच घालावे, मीठ अंदाजाने वाढवू नये. मूल सुस्त झाले, लघवी कमी झाली किंवा काहीच पोटात ठरेना, तर डॉक्टरकडे न्यायला उशीर करू नये.

ही पाच तासांची दुपार कशी घालवायची हाच खरा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर कोकणात घरोघरी पडलेले असते. आमसुले घाला. पिकलेले रातांबे धुऊन पुसून हातानेच फोडावेत, आतल्या बिया आणि गर एका बरणीत काढून त्यावर मीठ घालावे, आणि साली सुपात पसरून उन्हात टाकाव्यात. बरणीत जो लालभडक रस सुटतो त्यात वाळत आलेल्या साली दुसऱ्या दिवशी बुडवून पुन्हा वाळत घालाव्यात, आणि अशी चार-पाच पुटे दिली की साली काळपट, मऊ, आंबटखारट आमसुले होतात. यात सुरी लागत नाही, लहानातले लहान मूल बसू शकते, आणि काम चार-पाच दुपारी पुरते. बोटे मात्र जांभळी होतात आणि कपड्यांवरचा डाग जात नाही, म्हणून सर्वांना जुने कपडे घालूनच बसवावे. उरलेल्या रसाचे आगळ गाळून बाटल्यांत भरून ठेवावे. बिया वाळवून ठेवल्या की पुढे त्यांचे मुठेल, म्हणजे कोकमाचे तेल, काढता येते.

फणस फोडण्याचे काम मात्र मोठ्यांचे. हाताला आणि कोयतीला खोबरेल लावावे, खाली जुने वर्तमानपत्र किंवा केळीची पाने पसरावीत, फणस आडवा चिरून मधली पाव, म्हणजे गाभ्याचा दांडा, काढून टाकावी, आणि मग गरे सुटे करायला मुलांना बसवावे, त्यांच्याही हाताला तेल लावून. फणस कापा, म्हणजे कडक गऱ्यांचा, असेल तर गरे खाण्यावारी संपतात. बरका, म्हणजे मऊ रसाळ गऱ्यांचा, असेल तर त्याच्या रसाची सांदणे करावीत किंवा पोळी वाळत घालावी. आठळ्या धुऊन चुलीच्या आरात भाजल्या की संध्याकाळचे खाणे झाले.

जेवणानंतर एक तास सर्वांनी आडवे व्हायचे. झोप आली नाही तर पुस्तक वाचायचे, बोलायचे नाही. हा तास आईचा आहे, तो कोणी मागितला तरी देऊ नये. मोबाईलबद्दल फार काथ्याकूट करू नये: दिवसाला ठरलेली अर्धा तासाची वेळ, तीही सगळ्यांची एकदम, म्हणजे एकाच्या हातात आहे म्हणून दुसरा रडत नाही. नंतर पत्ते, कॅरम, सागरगोटे, आणि चारनंतर अंगणात लगोरी.

समुद्रावर जाण्याची वेळ तिथीवरून काढावी

पाहुण्या मुलांना रोज संध्याकाळी पाचला समुद्र हवा असतो, पण समुद्र रोज पाचला सारखा नसतो. भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते, आणि ती काढण्याची किनाऱ्यावरची जुनी रीत कोणत्याही मुलाला पाढ्यांसारखी येऊ शकते: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, जेवढे येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनच्या सुमारास आणि पुन्हा दुपारी साडेतीनच्या आसपास. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. शुक्ल आणि वद्य दोन्ही पक्षांत हिशेब तोच. पूर्ण भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. या हिशेबात अर्धा-पाऊण तासाची चूक धरावी, खाडीच्या आत भरती थोडी उशिरा पोचते हेही धरावे, आणि आपल्या किनाऱ्याची नेमकी वेळ एखाद्या मच्छीमाराला विचारून आपला हिशेब जुळवून घ्यावा.

“काकू, आज किती वाजता जायचं?” असे कोणी विचारले की “आज तिथी कोणती? पाऊणपट कर आणि तूच सांग,” असे म्हणावे. दोन-चार दिवसांत मुले दिनदर्शिकेपाशी जमून आपसांत हिशेब करू लागतात आणि आज पाण्यात उतरायचे नाही हे आईने सांगण्याआधीच त्यांना कळलेले असते.

त्या वेळेचा उपयोग असा करावा. नवमी-दशमी-एकादशीला संध्याकाळी पाच-सहा वाजता पाणी चढत असते. लाट किनाऱ्याकडे ढकलते, म्हणून घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच्या पाण्यात खेळायला हे दिवस त्यातल्या त्यात बरे. चतुर्थी-पंचमीला दुपारी भरती होऊन गेलेली असते आणि पाचला पाणी ओसरत असते. पायाखालची वाळू ओढली जाते आणि मूल नकळत आत सरकते, म्हणून त्या दिवसांत मुलांनी कोरड्या वाळूतच खेळावे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते: दुपारी पाणी खूप वर येते आणि संध्याकाळी तितकेच खाली जाते. त्या संध्याकाळी पुळण लांबवर उघडी पडते, वाळूत शंख-शिंपले आणि खेकड्यांची बिळे दिसतात, आणि मुलांना पाण्यात न उतरताही दोन तास पुरतील एवढ्या गोष्टी सापडतात. खडकांवर मात्र चढू द्यायचे नाही; शेवाळ निसरडे असते आणि पाणी चढू लागले की खडकाच्या मागची वाट आधी बंद होते.

मुलांवर लक्ष ठेवण्याचे काम मोठ्या माणसांनी वाटून घ्यावे: पाण्यात उतरणाऱ्या दर तीन मुलांमागे एक मोठा माणूस पाण्यात उभा, त्याच्या हातात मोबाईल नाही, आणि तो मुलांच्या समुद्राकडच्या बाजूला. एक माणूस वाळूवर चपला आणि कपडे सांभाळत बसून दर थोड्या वेळाने डोकी मोजेल. ज्या ठिकाणी लाटा फुटत नाहीत आणि पाणी गढूळ, शांत दिसते, ती जागा सुरक्षित वाटली तरी बहुतेक वेळा तिथूनच पाणी परत आत जात असते. तिथे उतरू नये. तशा ओढीत कोणी सापडले तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, किनाऱ्याला समांतर पोहून ओढीतून बाजूला व्हावे, हे मोठ्या मुलांना वाळूत रेघा ओढून समजवावे. बुडणाऱ्याला वाचवायला दुसऱ्या मुलाने उडी मारायची नाही. ओरडायचे, दोरी किंवा रिकामे प्लास्टिकचे डबे फेकायचे. झाकण घट्ट लावलेले दोन रिकामे पाच लिटरचे डबे दोरीला बांधून सोबत नेण्याची सवय लावावी. मेच्या अखेरीस दर्या खवळू लागला, लाटांचा आवाज घरापर्यंत येऊ लागला, की त्या वर्षापुरते पाणी बंद, फक्त वाळू.

अधूनमधून दिवस बदलावा म्हणून शेजारच्या गावच्या देवळाला, जत्रेला किंवा किल्ल्याला एसटीने जावे. महिलांना एसटीचे मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीपासूनच फुकट, त्यामुळे आजी, आत्या आणि काकू सगळ्या निघाल्या तरी खर्च जीपच्या भाड्याहून कमी होतो. अशा दिवशी घरी राहणाऱ्या एका बाईला आपोआप विश्रांती मिळते. ती पाळीने प्रत्येकीला मिळेल असे पाहावे.

रात्रीची अंथरुणे

दिवे गेले तर काय, याचा विचार करूनच झोपण्याच्या जागा ठराव्यात, कारण मेमध्ये वळिवाच्या वाऱ्यात ते जातातच. लहान मुले माजघरात मोठ्यांच्या मध्ये, मोठी मुले पडवीत. उकाडा असला तरी अंगणात उघड्यावर झोपवू नये, आणि याचे कारण विंचू-साप हे आहे. कोकणातला तांबडा विंचू जांभ्याच्या चिऱ्यांच्या फटींत, लाकडांच्या ढिगात, सोडणांखाली आणि कौलांत असतो, आणि उन्हाळ्यात तो जास्त फिरतो. त्याच्या दंशाने लहान मुलाच्या हृदयावर परिणाम होऊ शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा यावरचा उपयोग दाखवून दिला आणि त्यामुळे मृत्यू कितीतरी कमी झाले, पण औषध वेळेवर मिळाले तरच. दंशानंतर भरमसाट घाम, उलटी, हातपाय थंड पडणे यांपैकी काहीही दिसले, किंवा मूल लहान असेल तर काही दिसण्याची वाटही न पाहता, प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि तिच्या दंशाला वेदना किंवा सूज जवळजवळ नसते. पहाटे मुलाच्या पोटात दुखू लागले, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, बोलणे जड झाले, तर दंशाची खूण सापडत नसली तरी ताबडतोब दवाखाना. जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे, मांत्रिकाकडे नेणे यांतले काहीही करू नये. मुलाला हालचाल न करू देता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या गाडीने न्यावे. जवळच्या कोणत्या केंद्रात सर्पदंशाची लस उपलब्ध आहे हे मुले येण्याआधीच विचारून पाटीच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवावे.

म्हणून झोपण्याआधीचा क्रम ठरलेला असावा. अंथरूण झटकायचे, मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली चहूबाजूंनी खोचायच्या, प्रत्येक मोठ्या मुलाच्या उशाशी विजेरी, आणि रात्री उठले तर विजेरी लावल्याशिवाय पाय खाली ठेवायचा नाही. सकाळी चपला उलट्या करून झटकून घालायच्या. हे सगळे मुलांना भीती घालून सांगू नये. पहिल्या रात्री एकदा करून दाखवले की पुढे त्यांचीच शिस्त होते आणि नव्याने आलेल्या भावंडाला तीच शिकवतात.

जूनचा पहिला आठवडा

मान्सून सर्वसाधारणपणे ५ जूनला गोव्यात आणि ११ जूनला मुंबईत पोचतो, म्हणजे मधल्या किनाऱ्यावर तो मुले घरात असतानाच येण्याची शक्यता असते. मेचा शेवटचा आठवडा आगोटीला, म्हणजे पावसाआधीच्या तयारीला, द्यावा: लाकडे पडवीत रचणे, झापे आणि प्लास्टिक बांधणे, आमसुले, पापड, सुकी मासळी डब्यांत भरणे, गाद्या कडक उन्हात दोन दिवस टाकणे. सुट्टीच्या या टप्प्याला मुले कंटाळलेली असतात आणि एव्हाना कामात तरबेजही झालेली असतात, म्हणून या आठवड्यात त्यांची खरीच मदत होते. लाकडे हलवताना मात्र विंचवाची आठवण ठेवून लहानांना लांब ठेवावे.

परत जाणाऱ्यांबरोबर पूर्ण पिकलेले आंबे देऊ नयेत. बारा तासांच्या प्रवासात ते पिशवीत चिरडतात. देठाशी जेमतेम पिवळे पडलेले द्यावेत, ते घरी पोचून दोन-तीन दिवसांत तयार होतात. प्रत्येक मुलाला त्याने स्वतः घातलेल्या आमसुलांची पुडी द्यावी. गाडी गेल्यानंतर घरी येऊन जास्तीची पिंपे आणि बादल्या घासून उपड्या ठेवाव्यात, कारण त्यांत पहिल्या पावसाचे पाणी साचले तर आठवड्याभरात डास होतात, आणि विहिरीच्या कडेची दोरी काढून कोरडी करून माळ्यावर टाकावी.